शाळेतील मारहाणबंदी वर्गात उतरवताना: मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांसाठी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्या दिवसापासून पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेत शारीरिक शिक्षा करणे किंवा मानसिक त्रास देणे बेकायदेशीर ठरले. कायदा लागू होण्याच्या सुमारास राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सात राज्यांतील ६,६३२ मुलांशी बोलून एक अभ्यास केला होता. आपल्याला शाळेत कोणत्याच प्रकारची शिक्षा झाली नाही, असे त्यांतील केवळ नऊ मुलांनी सांगितले. त्यानंतर परिपत्रके निघाली, शिक्षकांच्या सह्या झाल्या, भिंतींवर फलक लागले. तरीही पट्टी, चिमटा, उठाबशा आणि कोंबडा अनेक वर्गांत टिकून आहेत, हे शाळेशी रोजचा संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

याचे मुख्य कारण शिक्षकांचा दुष्टपणा हे आहे, असे मला वाटत नाही. परिपत्रक ‘मारू नका’ एवढेच सांगते, आणि ज्या क्षणी हात उठतो त्या क्षणी दुसरे काय करायचे हे शाळेत कोणीच ठरवलेले नसते. वर्गात पंचेचाळीस मुले, शेजारच्या वर्गाचे शिक्षक निवडणुकीच्या कामावर आणि अर्ध्या मुलांचा गृहपाठ झालेला नाही, अशा सकाळी सही केलेले हमीपत्र कोणाच्याही आठवणीत येत नाही. म्हणून पुढील मार्गदर्शनात तक्रार आणि कारवाई यांच्याइतकाच भर शाळेच्या दैनंदिन व्यवस्थेवर दिला आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नये. पर्यायी व्यवस्था न लावता तक्रारपेटी बसवली, की शिक्षक बचावात्मक होतात आणि पेटीला गंज चढतो.

पहिली पायरी: कायदा कुठवर पोहोचतो हे नीट समजून घ्या

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७(१) मध्ये मनाई आहे आणि १७(२) मध्ये तिचा भंग करणाऱ्यावर त्याला लागू असलेल्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करण्याची तरतूद आहे. यात ‘किरकोळ’ मारासाठी सूट नाही, पालकांच्या संमतीने मारण्याची सोय नाही आणि ‘त्याच्याच भल्यासाठी’ हे कारणही नाही. याच कायद्याचे कलम २९ अभ्यासक्रमाबाबत बोलताना मुलाला भीती, आघात आणि चिंतेपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा व्यक्त करते. म्हणजे मारहाणबंदी हा शिस्तीच्या प्रकरणातला एक सुटा नियम नसून तो शिकवण्याच्या पद्धतीशी जोडलेला आहे.

या कलमाला मर्यादाही आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. हा कायदा ६ ते १४ वयोगटाचा आहे, त्यामुळे नववी-दहावीचा पंधरा वर्षांचा मुलगा त्याच इमारतीत बसत असूनही त्याच्या थेट संरक्षणाबाहेर राहतो. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळाही या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. खासगी शिकवणी आणि क्रीडा प्रशिक्षणाची मैदाने मुळातच यात नाहीत. अशा ठिकाणी बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ उपयोगी पडते. ते अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक यातना होतील अशी वागणूक दिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. मुलांची काळजी व संरक्षण सोपवलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्याने हे केल्यास मर्यादा पाच वर्षे सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडापर्यंत जाते. बालगृहे आणि निरीक्षणगृहांसाठी त्याच कायद्यात कलम ८२ स्वतंत्रपणे आहे.

गोव्याने याबाबत लवकर पाऊल टाकले होते. गोवा बाल अधिनियम, २००३ ने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आणि खास बाल न्यायालयही स्थापन केले. परंतु फौजदारी मार्गाची मर्यादाही गोव्यातच दिसली. बाल न्यायालयाने एका शिक्षिकेला ठोठावलेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये रद्द केली आणि शिस्त लावण्यासाठी केलेली सौम्य शिक्षा गुन्हा ठरत नाही, अशा आशयाचे मत नोंदवले. इतर काही उच्च न्यायालयांनीही शिक्षकाचा हेतू पाहून खटले रद्द केले आहेत, तर काहींनी तसे करण्यास नकार दिला आहे. शाळेने यातून घ्यायचा बोध व्यावहारिक आहे: फौजदारी न्यायालयात गुन्हा सिद्ध होवो वा न होवो, कलम १७(२) खालची खातेनिहाय कारवाई वेगळी आहे आणि ती शाळेच्याच हातात आहे. ‘पोलिसांत काही झाले नाही’ हे ती न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरी पायरी: आपल्या शाळेत हात कधी उठतो याचा नकाशा काढा

धोरण लिहिण्याआधी दोन आठवडे केवळ पाहावे. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत कोणाचेही नाव न घेता एकच प्रश्न विचारावा: दिवसातल्या कोणत्या वेळी आपला संयम सुटतो? उत्तरे बहुधा ठरावीक निघतात. परिपाठाच्या वेळी उशिरा आलेल्यांची रांग, पहिल्या तासाची गृहपाठ तपासणी, मधल्या सुट्टीनंतरचा गोंगाट, मुलांची आपसातली मारामारी आणि फळ्याजवळ उभे करून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न येणे. शाळेगणिक यात एखादी भर पडेल, पण शिक्षा अशा चार-पाच वेळांना एकवटलेली असते, हे ध्यानात आले की काम आवाक्यात येते.

मुलांना विचारताना नावे घेऊ नयेत. पाचवीच्या पुढच्या मुलांना कोऱ्या चिठ्ठीवर ‘शाळेत कशाची भीती वाटते’ एवढे लिहायला सांगावे, लहानांना चित्र काढू द्यावे. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी गोळा न करता व्यवस्थापन समितीतील पालक सदस्याने गोळा कराव्यात. या उत्तरांत एक नाव हमखास येते आणि ते बहुतेकदा शिक्षकाचे नसते. ते असते मॉनिटरचे. फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा, नावापुढे फुल्या वाढवणारा आणि क्वचित पट्टीही चालवणारा मॉनिटर ही शिक्षेची उपकंत्राटी व्यवस्था आहे. ती त्याच आठवड्यात बंद करावी, यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहू नये.

तिसरी पायरी: शिक्षा म्हणजे काय याची यादी स्थानिक शब्दांत लिहा

‘शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास’ हे शब्द कागदावर पुरेसे असले तरी शिक्षककक्षात ते पुरेसे नसतात. ‘उठाबशा तर व्यायाम आहे’, ‘कान धरला, मारले कुठे?’ अशी चर्चा तिथे सुरू होते. राष्ट्रीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मारण्याबरोबरच अवघडलेल्या स्थितीत उभे किंवा बसवून ठेवणे, जबरदस्तीने काही खायला लावणे, कोंडून ठेवणे यांचाही शारीरिक शिक्षेत समावेश आहे, आणि मानसिक त्रासात टोमणे, नावे ठेवणे, जात किंवा पालकांच्या व्यवसायावरून बोलणे, अभ्यासातील अपयशावरून लाज आणणे हे सर्व येते. आपल्या यादीत हे आपल्या शब्दांत उतरवावे: छडी, पट्टी, डस्टर फेकणे, धपाटा, चिमटा, कान पिळणे, बोटांत पेन्सिल ठेवून दाबणे, कोंबडा, अंगठे धरणे, ओणवे किंवा बाकावर उभे करणे, उठाबशा, मैदानाच्या फेऱ्या, शिक्षा म्हणून स्वच्छतागृह धुवायला लावणे, ‘ढ’ म्हणणे, दोन मुलांची सर्वांदेखत तुलना करणे. फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे हेही या यादीत हवेच, कारण तो हिशेब मुलाचा नसतोच.

यादीखाली काय चालते हेही लिहावे, नाहीतर भीतीपोटी शिक्षक मुलाला हात लावायलाच घाबरतील. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००६ च्या आपल्या आठव्या सामान्य टिप्पणीत हा भेद स्पष्ट केला आहे: मुलाला किंवा इतरांना इजेपासून वाचवण्यासाठी गरजेपुरते बळ वापरणे वेगळे आणि शिक्षा म्हणून बळ वापरणे वेगळे. रस्त्याकडे धावणाऱ्या मुलाचा दंड पकडणे, मारामारी करणाऱ्या दोघांना अलग करणे, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवणे यांवर बंदी नाही.

ही यादी आणि त्यासोबतचे हमीपत्र शिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, वाहनचालक आणि बाहेरून येणारे प्रशिक्षक अशा सर्वांकडून दरवर्षी घ्यावे. शिक्षकांनी असे लेखी हमीपत्र द्यावे ही आयोगाच्या सूचनांतील अपेक्षा आहेच.

चौथी पायरी: त्या पाच वेळांची पर्यायी व्यवस्था

खरे काम इथे आहे आणि बहुतेक शाळा नेमकी हीच पायरी गाळतात.

उशीर. फाटकाशी रांग लावणे बंद करून उशिराची एक नोंदवही ठेवावी. तीत तारीख, नाव आणि मुलाने सांगितलेले कारण एवढेच लिहावे आणि मुलाला थेट वर्गात जाऊ द्यावे, कारण आधीच दहा मिनिटे बुडालेल्या मुलाचा आणखी अर्धा तास बाहेर घालवण्यात शैक्षणिक अर्थ कोणताच नाही. महिनाअखेर ही वही चाळली की कारणे आपोआप गटांत पडतात. एसटीची वेळ, धाकट्या भावंडाला अंगणवाडीत सोडणे, पाणी भरणे, पहाटे आई-बाप कामावर गेल्याने उठवायला कोणी नसणे. एसटीच्या वेळेबाबत आगाराला पत्र देता येते, भावंडासाठी अंगणवाडीताईंशी बोलता येते. ऊसतोडीच्या हंगामात आजीजवळ मागे राहिलेल्या मुलाचा उशीर हा तर घरभेटीचा विषय आहे, छडीचा तो कधीच नव्हता. जी दोन-चार मुले रेंगाळण्यामुळे उशिरा येतात त्यांच्या पालकांशी बोलायला मग वेळही उरतो.

गृहपाठ. गृहपाठ न होण्याची तीन कारणे असतात: समजले नाही, घरी वेळ किंवा जागा नाही, किंवा केला नाही. पहिल्या तासाला उभे करून सर्वांना एकच शिक्षा दिली की शिक्षकाला ही तीन कारणे कधीच वेगळी दिसत नाहीत. त्याऐवजी शेवटच्या तासातली पंधरा मिनिटे गृहपाठ वर्गातच सुरू करण्यासाठी ठेवावीत. ज्याला समजले नाही तो तिथेच उघडा पडतो, तेही चारचौघांत अपमान न होता. गृहपाठाचे प्रमाणही पाहावे. सर्व विषयांच्या शिक्षकांनी एकाच दिवशी दिलेला गृहपाठ एकत्र मांडून तो करायला किती वेळ लागतो, हे एकदा स्वतः करून पाहण्याची सूचना मी आग्रहाने करीन. अपूर्ण गृहपाठाचा परिणाम म्हणून तो शाळेत पूर्ण करायला सांगता येतो, मात्र जेवण, लघवीची सुट्टी आणि खेळाचा तास यांना हात लावू नये.

गोंगाट. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो, तेव्हा गोंगाट हा मुलांचा गुन्हा नसून कामाच्या वाटपाचा प्रश्न असतो. ज्या इयत्तेला शिकवणे चालू नाही तिच्या हातात आधीच लिहून ठेवलेले काम हवे. लक्ष वेधण्यासाठी एकच खूण ठरवावी, जसे टाळ्यांचा ठरावीक ठेका किंवा वर केलेला हात, आणि ती शाळेतील सर्व शिक्षकांनी वापरावी. नाहीतर मुलांना दर तासाला नवा नियम शिकावा लागतो. कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक स्तरावर तीस आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. ते पाळले जात नसेल तर व्यवस्थापन समितीने रिक्त पदांचा ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. मारहाण थांबवण्याच्या कामात हा ठरावही मोडतो, असे मी मानतो.

मारामारी. आधी दोघांना अलग करावे आणि वेगवेगळे बसवावे. राग उतरल्याशिवाय चौकशी करू नये. नंतर प्रत्येकाचे म्हणणे दुसऱ्याच्या अनुपस्थितीत पूर्ण ऐकावे, मध्येच निकाल देऊ नये. मग दोघांना समोरासमोर बसवून काय मोडले, कोणाला लागले आणि आता कोण काय भरून देणार हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. फाटलेली वही उतरवून देणे ही भरपाई झाली, दहा उठाबशा ही भरपाई नाही, कारण त्यातून वहीवाल्याला काहीच मिळत नाही.

उत्तर न येणे. ही शिस्तीची बाब मुळीच नाही, तरी पट्टी इथेच सर्वांत जास्त चालते. सहावीतल्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नसतील तर त्याला इतिहासाचे उत्तर येणार नाही, आणि मारल्याने जोडाक्षर येत नाही. अशा मुलांची यादी करून आठवड्यातले काही तास त्यांना इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार बसवावे. फळ्याजवळ उभे करून प्रश्न विचारण्याऐवजी पाटीवर उत्तर लिहून सर्वांनी एकदम वर धरायची पद्धत वापरली, तर कोणाला येत नाही हे शिक्षकाला दिसते आणि वर्गाला दिसत नाही.

पाचवी पायरी: पालकसभा आणि ‘हाणा, पण शिकवा’

‘गुरुजी, पोरगं तुमच्या पदरात टाकलंय, हाणा पण माणूस करा,’ हे वाक्य प्रत्येक पालकसभेत कोणीतरी म्हणतेच, आणि त्यामागे शाळेवरचा विश्वासही असतो. त्यावर व्याख्यान देऊ नये. तुम्ही परवानगी दिलीत तरी कायद्याने ती आम्हाला वापरता येत नाही, हे आदराने सांगावे आणि मारण्याऐवजी शाळा काय करणार आहे याची वर दिलेली व्यवस्था एक-एक करून दाखवावी. पालकांना ‘मारणार नाही’ याचा अर्थ ‘लक्ष देणार नाही’ असा वाटत असतो. ती शंका उशिराची वही आणि वाचनाचे तास पाहिल्यावर बरीच कमी होते.

घरच्या मारहाणीवर भारतात अशी सरळ बंदी नाही. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. नेपाळने २०१८ मध्ये घरासह सर्व ठिकाणी बंदी घातली आणि दक्षिण आशियात पहिला क्रमांक मिळवला. स्वीडनने हे १९७९ मध्येच केले होते. तिथल्या सरकारने त्या वर्षी मुले असलेल्या घरांत माहितीपुस्तिका पाठवल्या आणि दुधाच्या खोक्यांवरही या कायद्याची माहिती छापली, जेणेकरून न्याहारीच्या टेबलावर मुले आणि पालक दोघांनाही ती वाचता येईल. आपल्याकडे हेच काम प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानाने, ग्रामसभेतील एका विषयाने आणि बचतगटाच्या बैठकीने होऊ शकते.

सहावी पायरी: तक्रारीची वाट सुरक्षित करा

तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशी लावली, की तिच्यात चिठ्ठी टाकणारे मूल सर्वांना दिसते. पेटी पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयात असावी, किल्ली मुख्याध्यापकांकडे नसून पालक सदस्याकडे असावी, आणि ती ठरलेल्या वारी किमान दोन माणसांसमोर उघडून नोंदवहीत ‘चिठ्ठ्या: शून्य’ असली तरी नोंद करावी. लहान मुले पेटी वापरत नाहीत. ती कोणाच्या तरी कानात सांगतात, म्हणून मुलांनीच निवडलेल्या एका शिक्षिकेचे किंवा ताईंचे नाव प्रत्येक वर्गात लावावे.

पालकांच्या तोंडी मुख्य भीती एकच असते: दाखला हातात ठेवतील. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे कलम १६ मध्ये स्पष्ट आहे आणि ते पालकसभेत वाचून दाखवावे. नववी-दहावीत भीती तोंडी परीक्षेच्या आणि अंतर्गत गुणांची असते. तक्रार ज्या शिक्षकाविरुद्ध आहे त्याच्याऐवजी दुसऱ्या शिक्षकाने त्या मुलाचे अंतर्गत मूल्यमापन करावे, असा नियम आधीच करून ठेवला तर ती बरीच ओसरते.

सातवी पायरी: तक्रार आल्यावर

पहिल्या तासात तीन गोष्टी व्हायला हव्यात. दुखापत असेल तर मुलाला दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना खरे कारण सांगावे, ‘पडला’ असे सांगू नये. पालकांना शाळेनेच कळवावे, कारण तेच मुलाकडून संध्याकाळी कळले तर पुढचा सगळा संवाद संशयाने सुरू होतो. आणि संबंधित शिक्षकाला त्या वर्गावरून तात्पुरते बदलावे. हा दोष ठरवण्याचा भाग नाही, हे त्या शिक्षकालाही स्पष्ट सांगावे.

मुलाशी बोलताना एकाच माणसाने, एकदाच आणि शांत जागी बोलावे. तिसरीतल्या मुलीला ‘सरांनी तुला मारलं का?’ असे विचारले तर ती मान हलवते, आणि ‘सरांनी काही केलं नाही ना?’ असे विचारले तरी मानच हलवते. ‘काल दुसऱ्या तासाला काय काय झालं ते मला सांग’ असे विचारून थांबावे. मध्ये शांतता पसरली तरी ती भरून काढू नये. ती ‘सरांनी लांबडी पट्टी घेतली’ म्हणाली तर कागदावर तेच शब्द लिहावेत, ‘लाकडी पट्टीने मारहाण’ असे कार्यालयीन भाषांतर करू नये. शेजारी बसणाऱ्या दोन-तीन मुलांशी स्वतंत्रपणे बोलावे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, टेबलापलीकडे आरोप असलेले शिक्षक बसलेले असताना मुलाला ‘खरं सांग’ म्हणणे हा चौकशीचा देखावा आहे.

शिक्षकाकडून लेखी खुलासा घ्यावा आणि त्याचे म्हणणेही तितक्याच सविस्तर नोंदवावे. खोट्या तक्रारीची भीती शिक्षकांच्या मनात असते आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. गावातील गटबाजी शाळेत शिरतेच. परंतु त्या शिक्षकाचे उत्तम संरक्षण म्हणजे त्याच दिवशी झालेली, दोन्ही बाजू लिहिलेली नोंद. आठवडाभराने सरपंचांच्या ओट्यावर झालेल्या मिटवामिटवीतून निर्दोष माणूसही निर्दोष ठरत नाही.

पुढची कारवाई कृत्याच्या वजनाप्रमाणे असावी. प्रथमच घडलेल्या आणि दुखापत नसलेल्या प्रकारात लेखी ताकीद, मुलाची आणि पालकांची भेट घेऊन दिलगिरी, आणि त्या शिक्षकासोबत काही दिवस अनुभवी सहकारी वर्गात बसणे, एवढे पुरते. पुन्हा घडल्यास खातेनिहाय कारवाईचा प्रस्ताव गेलाच पाहिजे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६४ चे जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम लागू होतात. खासगी शाळांत १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू होते, ज्यात ताकीद, ठपका आणि एका वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षांपासून पदावनती आणि सेवासमाप्तीपर्यंतच्या मोठ्या शिक्षा आहेत. मोठ्या शिक्षेसाठी दोषारोपपत्र आणि चौकशी समितीची प्रक्रिया टाळू नये. संतापलेल्या जमावासमोर एका दिवसात काढलेला बडतर्फीचा आदेश शाळा न्यायाधिकरणात टिकत नाही, आणि मग तोच शिक्षक मागील पगारासह त्याच वर्गावर परत येतो.

गंभीर दुखापत, हत्याराचा वापर, जातिवाचक अपमान किंवा लैंगिक स्वरूपाचे कोणतेही वर्तन असेल तर शाळेच्या पातळीवर मिटवण्याचा प्रश्नच उरत नाही. लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जातिवाचक प्रकारात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. मात्र केवळ बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ वर विसंबून पोलीस ठाण्यात जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: २०२१ च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षे शिक्षेचे या कायद्यातील गुन्हे अदखलपात्र झाले आहेत, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत, त्यामुळे वैद्यकीय दाखला आणि भारतीय न्याय संहितेची दुखापतीची कलमे यांना महत्त्व येते. मारहाणीचा व्हिडिओ कोणी काढला असेल तर तो पोलिसांना आणि चौकशी समितीला द्यावा, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. मुलाची ओळख त्यातून गावभर होते आणि ती परत घेता येत नाही.

शाळेने दाद दिली नाही तर पालकांनी काय करावे

कलम ३२ नुसार कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करू शकते आणि प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत घटना, तारीख, तास, साक्षीदार मुलांची इयत्ता आणि सोबत वैद्यकीय कागद एवढे असावे. संस्थेच्या जुन्या भानगडी तीत घुसडू नयेत, कारण मग चौकशी त्यांचीच होते. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नये. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष तसेच बाल कल्याण समितीकडेही जाता येते. आठवीनंतरच्या मुलांसाठी, शिकवणीतील किंवा वसतिगृहातील प्रकारांसाठी हाच दुसरा मार्ग प्रामुख्याने उपयोगी आहे.

आठवी पायरी: वर्षातून एकदा हिशेब

राष्ट्रीय आयोगाच्या सूचनांत शाळेने शारीरिक शिक्षा, छळ आणि भेदभाव यांचे दरवर्षी सामाजिक अंकेक्षण करावे आणि त्याचे निष्कर्ष नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी जाहीर करावेत, असे म्हटले आहे. यासाठी मोठ्या अहवालाची गरज नाही. उशिराची वही, तक्रारपेटीची नोंद, झालेल्या कारवाया आणि वर्षाच्या सुरुवातीला घेतलेल्या निनावी चिठ्ठ्या पुन्हा एकदा घेऊन केलेली तुलना, एवढे दोन पानांत मावते. आकडे वाचताना घाई करू नये. पहिल्या वर्षी तक्रारी वाढल्या तर बहुधा मुलांचा पेटीवर विश्वास बसला आहे. एकही तक्रार नाही पण चिठ्ठ्यांत भीती तशीच आहे, अशी शाळा मात्र जास्त तपासावी. शिस्तभंगाच्या कारवाईत शिक्षकाचे नाव अहवालात येऊ नये आणि मुलाचे तर कधीच येऊ नये.

हा अहवाल मांडण्यासाठी १ मे चा दिवस सोयीचा आहे. वार्षिक निकाल घ्यायला त्या सुमारास पालक शाळेत येतात, गावात ग्रामसभाही असते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुढच्या वर्षाचे वेळापत्रक करताना गृहपाठाची पंधरा मिनिटे आणि वाचनाचे तास त्यात बसवायला हातात वेळ असतो.